पंचफुलाबाईंची हरकत

पंचफुलाबाईंना आमच्या केंद्रात कोणी बोलावलं नव्हतं. त्या आल्या त्या भांडायला, आणि भांडण मिटल्यावरही येत राहिल्या.

केंद्र म्हणजे काय ते आधी सांगतो. धनजच्या अलीकडे एका फाट्यावर उतरून आत चालत गेलं की गाव लागतं. त्या गावात सोसायटीचं खताचं जुनं गोदाम होतं. सोसायटी केव्हाच बंद पडली, गोदाम तेवढं उरलं. गावातल्याच एका मास्तरांची मुलगी, संघमित्राताई, अमरावतीला शिकून, तिथेच काही वर्षं बातम्यांसाठी कॅमेरा चालवून परत आल्या आणि त्यांनी ते गोदाम भाड्यानं घेतलं. गावातल्या बायांनी, पोरींनी स्वतः कॅमेरा धरायचा, आपल्या गावाच्या फिल्मा आपणच करायच्या, बाहेरचा कोणी येऊन आपलं दुःख मोजून नेईल याची वाट पाहायची नाही, असा त्यांचा विचार. मी कारंज्याचा. लग्नाच्या व्हिडिओंत गुलाबाच्या पाकळ्या उडवून द्यायचं काम करायचो. ताईंनी मला जोडकामाला, म्हणजे एडिटिंगला, बोलावलं.

गोदामातून खत गेलं होतं, पण वास गेला नव्हता. दार लावून अंधार केला की डोळे चुरचुरायचे. पहिल्या वर्षी आमच्या प्रत्येक फिल्मला बाया पदरानं डोळे पुसायच्या आणि आम्हाला वाटायचं, फिल्म जमली.

ताईंचा एक नियम होता. फिल्म जिथली, तिथल्या लोकांना आधी दाखवायची, आणि संपली की ग्रामसभेत विचारतात तसं उभं राहून विचारायचं, कोणाची हरकत आहे का? ज्याची हरकत असेल त्याचं ऐकायचं आणि पटलं तर तो तुकडा कापायचा. पहिलं वर्षभर ताईंनी हा प्रश्न विचारला की लोक उठून चपला शोधायला लागायचे.

मग नळाची फिल्म आली. गावात पाण्याची योजना झाली होती. टाकी बांधली, पाइप पुरले, घरोघरी तोट्या उभ्या राहिल्या. फक्त पाणी नव्हतं. लोक तोट्यांना बकऱ्या बांधायचे. आमच्या पोरींनी तोट्यांवर फिल्म केली आणि तिच्यात सरपंच गुलाबरावांची मुलाखत घेतली. गुलाबराव एका तोटीशेजारी उभे राहून म्हणाले, "दिवाळीच्या आंधी या तोटीतून पाणी नाई पडलं, तं मी खुर्ची सोडतो." ते हे बोलत असताना एक कोंबडी एका बाजूनं आली, तोटीखालच्या कोरड्या मातीत दोन चोची मारल्या, क्षणभर कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि निघून गेली.

फिल्म दाखवून झाली. ताईंनी विचारलं. लोक चपलांकडे वळले, आणि मागून आवाज आला, "माही हाय."

उंच, वाळलेल्या शेंगेसारखी बाई. खालच्या वेटाळात, म्हणजे उताराकडच्या वस्तीत, एकटी राहायची. थोडं स्वतःचं वावर, बाकी दुसऱ्यांच्या वावरात निंदण-वेचणी. आवाज मात्र असा, की या टोकाहून हाक मारली तर त्या टोकाचा बैल थांबावा.

"त्याच्यात माही कोमडी हाय," त्या म्हणाल्या. "मले कोणी इचारलं नाई."

लोक हसले. ताई हसल्या नाहीत, कारण नियम त्यांचाच होता. त्यांनी समजावलं की परवानगी माणसांची घेतात. पंचफुलाबाईंनी विचारलं की सरपंचाची घेतली का? घेतली होती. मग कोंबडीची का नाही, ती तर सरपंचाइतकाच वेळ दिसते, आणि सरपंच नुसता बोलतो, ती निदान काहीतरी शोधून राहिली होती. यावर ताई माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, कोंबडी कापता येईल.

हा शब्द मी चुकीचा वापरला. तो निस्तरण्यात बराच वेळ गेला.

खरी अडचण पुढेच होती. कोंबडी आणि सरपंचांचं वचन एकाच तुकड्यात होतं. एक काढलं की दुसरं जाणार. ही गोष्ट बाहेर फुटली आणि दुसऱ्या दिवसापासून सरपंचांची माणसं पंचफुलाबाईंच्या बाजूनं बोलायला लागली. गरीब बाईच्या कोंबडीवर अन्याय होऊ देणार नाही, असं पारावर जाहीर झालं. गुलाबराव स्वतः खालच्या वेटाळात गेले, बाईंच्या ओट्यावर बसले, कोंबडीची चौकशी केली, हटू नका म्हणाले आणि चहा न घेता परतले.

संध्याकाळी पंचफुलाबाई माझ्यापुढे उभ्या. "आजलोक त्यानं मले रामराम नाई घातला. आज माह्या कोमडीची तारीफ करून राह्यला. काय हाय त्या फिल्मात? लाव पाहू."

मी लावली. पहिल्या वेळी त्यांनी फक्त कोंबडी पाहिली होती. या वेळी त्यांनी ऐकलं. संपल्यावर म्हणाल्या की हरकत परत घेते, पण एक लक्षात ठेवायचं. सरपंच जे बोलला ते कोंबडीसमोर बोलला. ती साक्षीदार आहे.

त्यानंतर त्या प्रत्येक फिल्मला आल्या. येताना स्वतःचा बारदाना, म्हणजे बसायचं पोतं, बगलेत घेऊन यायच्या आणि पडद्यामागे बसायच्या. आमचा पडदा म्हणजे दोन पांढरी धोतरं शिवून गोदामाच्या मधोमध टांगलेली. मागच्या बाजूला खिडकी होती, वारा यायचा, वास कमी लागायचा. चित्र तिकडूनही दिसायचं, फक्त डाव्याचं उजवं होऊन. नळाची फिल्म गावात पुन्हा दाखवली तेव्हाही त्या तिथेच बसल्या. मी त्यांना हे सांगितलं, तर त्यांनी विचारलं की उलटं मला दिसतं कशावरून, तुम्हालाच दिसत असेल. पाट्यांवरची अक्षरं त्यांना सुलटी असली तरी वाचता येत नव्हती, त्यामुळे त्यांचं काही अडत नव्हतं. आमची मात्र पंचाईत व्हायची. चित्र चालू असताना पडद्याच्या आतूनच आवाज यायचा, "हरकत." नवख्याला वाटायचं, फिल्मच स्वतःवर हरकत घेते आहे.

त्यांच्या निम्म्या हरकती निव्वळ चुकीच्या असत. एका फिल्ममध्ये लग्न होतं, तर वऱ्हाडाला जेवण दाखवलं नाही म्हणून त्या मुलीच्या बापाच्या वतीनं तासभर भांडल्या. तो बाप आमच्याच गावचा शिंपी होता, खरा बाप नव्हता, हे त्यांना मान्य होतं. तरी लोक त्यालाच नावं ठेवतील, असं त्यांचं म्हणणं होतं. शेवटी ताईंनी एक पंगत शूट केली, आणि केली म्हणून खरोखरच वरण-बट्टीचं जेवण द्यावं लागलं. पंचफुलाबाई जेवल्या आणि म्हणाल्या, आता बरोबर आहे.

उरलेल्या निम्म्या हरकती मात्र आमच्या जिवावर यायच्या. सोयाबीन सोंगणाऱ्या बायांवर एक फिल्म केली होती. मी पुण्याच्या कुठल्याशा शिबिरातून शिकून आलो होतो, त्यामुळे तिच्यात नुसते हात होते. भेगाळलेले हात, विळा धरलेले हात, पाणी पिणारे हात. मला ती फार आवडली होती. पडद्यामागून विचारणा झाली की या बायांची डोकी कुठे ठेवली. मी म्हटलं, हात सगळं सांगतात. त्या म्हणाल्या, "हातानं सांगाले त्या काय मुक्या हायेत?" फिल्म पुन्हा केली. चेहरे घेतले. बाया सगळा वेळ आमच्या कॅमेरावालीला हसत होत्या, तिच्या सासूबद्दल काहीतरी विचारत होत्या. हातांपेक्षा ती फिल्म चांगली झाली, हे मी ताईंजवळ कबूल केलं, पंचफुलाबाईंजवळ नाही.

आणखी एकदा मी त्यांच्याच घराचं चित्र घेऊन त्याखाली बासरी टाकली होती, जरा उदास अशी. त्या बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "माह्या घरावर रडता काहून? म्या काय रडून राह्यली का?" मी बासरी काढली. तेव्हापासून आमच्या फिल्मांत कुणाचं घर दिसलं की नुसते घराचे आवाज असतात. भांडी, कोंबड्या, कोणाचा तरी खोकला.

दिवाळी आली आणि गेली. तोट्यांना बकऱ्या बांधलेल्याच होत्या. ग्रामसभा भरली, पंचायत समितीकडून विस्तार अधिकारी आले होते. ताईंनी फिल्मचा विषय काढला. गुलाबराव तयारीनं आले होते. ते म्हणाले की आजकाल मोबाईलवर कोणाच्याही तोंडात काहीही घालता येतं, मोठमोठ्या लोकांचे खोटे व्हिडिओ निघतात, हाही तसलाच. मी असं बोललोच नाही. तो माणूस, ती तोटी, तो आवाज, सगळं या कारंज्याच्या पोरानं कॉम्प्युटरवर बनवलं. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मला त्या क्षणी आपण ते बनवलं नाही याचीच खात्री वाटेना.

पंचफुलाबाई उभ्या राहिल्या. "अन् कोमडी?"

गुलाबराव म्हणाले की कोंबडीही बनवलेली. बाई म्हणाल्या की कोंबडी तर घरी आहे, आणून दाखवते. गुलाबराव बोलण्याच्या भरात म्हणाले, हीच कोंबडी असल्याचं सिद्ध करा, मग पुढचं बोलू. कोंबडी खरी तर फिल्मही खरी, हे आपण कबूल केलं ते त्यांना लगेच कळलं, पण अधिकाऱ्यांनी मान डोलावली होती. त्यांनी बाईंना खूण विचारली. बाईंनी सांगितलं, फिल्ममधल्या कोंबडीच्या उजव्या पायाचं मधलं नख नाही, मुंगसानं नेलं. ग्रामसेवकानं ते लिहून घेतलं. पुढची सभा आठवड्यानं, गोदामात, फिल्म आणि कोंबडी दोन्ही हजर ठेवून, असं ठरलं.

तो आठवडा मी विसरणार नाही. पहिल्याच दिवशी सरपंचांचे साळे कोंबडी विकत मागायला आले आणि बकरीचा भाव देऊ म्हणाले. नंतर वरच्या वेटाळातल्या दोघांना अचानक पाहुणे आले आणि त्यांना गावरान कोंबडीच पाहिजे झाली. संघमित्राताईंनी साक्षीदार केंद्रात हलवला. नागपूरच्या त्यांच्या मैत्रिणी साक्षीदारांना सांभाळण्याच्या कामात मुरलेल्या. ताईंनी त्यांना फोनवर सांगितलं की आम्ही एका साक्षीदाराला लपवून ठेवलं आहे. त्यांनी काळजीनं विचारलं, पुरुष की बाई? ताई म्हणाल्या, बाई. काही मदत लागेल का? ताईंनी खाली वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, ज्वारी आहे.

कोंबडीला माझ्या कॉम्प्युटरचा डबा आवडला, तो गरम असायचा. ती त्याच्यावर बसून राहायची आणि मी खाली मान घालून काम करायचो. पंचफुलाबाई सकाळ-संध्याकाळ भेटायला यायच्या. माझ्याशी बोलायच्या नाहीत. कोंबडीला विचारायच्या, खाल्लं का, कोणी काही बोललं का.

सभेला सगळं गाव लोटलं. दारं लावली, फिल्म लावली, कोंबडी दिसते तिथे मी चित्र थांबवलं. पंचफुलाबाईंनी कोंबडी अधिकाऱ्यांपुढे धरली. अधिकारी वाकले, चष्मा पुसला, पुन्हा वाकले. नख नव्हतं, पण डाव्या पायाचं.

गुलाबराव खुर्चीवरून उठले. लिहून घेतलं आहे, उजवा. ही कोंबडी दुसरी. आणि फिल्म खोटी.

पंचफुलाबाईंनी कोंबडीचा पाय हातात घेऊन पाहिला. दुसरा पाहिला. खालच्या वेटाळातल्या बाया त्यांच्याकडे पाहत होत्या आणि त्या कोणाकडेच पाहत नव्हत्या. सगळं गाव त्यांना खोटारडी म्हणून ओळखेल, हे त्यांच्या चेहऱ्यावर येऊन बसलं होतं. मग त्यांनी बगलेतला बारदाना सावरला, कोंबडी घेतली आणि नेहमीच्या जागी, पडद्यामागे जाऊन बसल्या. मला वाटलं, संपलं.

पडद्यातून आवाज आला, "उजवाच हाय. या इकडं, पाहा."

अधिकारी पडद्यामागे गेले. तिकडून म्हणाले, हो, उजवा. पुढे आले. म्हणाले, डावा. पुन्हा मागे गेले. मग ग्रामसेवक गेला, मग गुलाबराव, मग सगळे. अर्धं गाव पुढे, अर्धं मागे, आणि जो तो पलीकडच्याला तू चुकतोस म्हणून सांगू लागला. पलीकडे गेल्यावर तोच माणूस बाजू बदलायचा. मला लोक ओरडून सांगत होते, पुन्हा लाव, म्हणून मी ती फिल्म पुन्हा पुन्हा लावत होतो. दर खेपेला कोंबडी यायची, दोन चोची मारायची, आणि दर खेपेला गुलाबराव म्हणायचे की दिवाळीच्या आंधी पाणी नाही पडलं तर मी खुर्ची सोडतो. लहान पोरांचं ते पाठ झालं. ती त्यांच्याबरोबर म्हणायला लागली.

अधिकारी शेवटी दमून बाईंच्या बारदान्यावर बसले. पंचफुलाबाई त्यांना म्हणाल्या, "साहेब, पाय इकडून उजवा, तिकडून डावा. पण त्याचं बोलणं तं दोहीकडून सारखंच ऐकू येते."

मी फिल्म बंद केली. गुलाबराव तेव्हा पडद्याच्या कडेला उभे होते, अर्धे पुढे, अर्धे मागे. ते हळू आवाजात म्हणाले, "बोललो व्हतो." आणि तिथेच खाली टेकले. मग त्यांनी जे सांगितलं ते गावाला पहिल्यांदाच कळत होतं. टाकी तयार, पाइप तयार, पण विहिरीवरच्या मोटारीला विजेची जोडणीच मिळाली नव्हती. ते महिनोन् महिने वीज कंपनीच्या ऑफिसात चकरा मारत होते आणि आपल्याला कोणी विचारत नाही हे गावाला सांगायची त्यांना लाज वाटत होती. म्हणून वचन दिलं. कॅमेरा पाहिला की असं बोलायला होतं, म्हणाले.

कोणीतरी मागून खुर्चीचं विचारलं. पंचफुलाबाईंनी त्याला गप्प केलं. खुर्ची राहू दे, म्हणाल्या, पाणी सोडा.

पुढची फिल्म आम्ही त्या मोटारीवर केली. तिच्यात गुलाबराव विहिरीच्या काठावर उभे राहून वायरीचं उघडं टोक दाखवतात. ती फिल्म घेऊन ताई, सरपंच आणि पंचफुलाबाई तिघं जिथं जिथं जायचं तिथं तिथं जाऊन आले, मंगरूळपीरपासून वाशीमपर्यंत. होळीच्या सुमाराला पाणी आलं. ते उताराच्या बाजूनं आलं, म्हणजे आधी खालच्या वेटाळात. वरच्या वेटाळात दाब पुरत नाही, अजूनही नाही. सकाळी गुलाबराव कळशी घेऊन खाली येतात. पहिल्या दिवशी ते थेट पंचफुलाबाईंच्या तोटीपाशी गेले, तर बाईंनी त्यांना मोठ्या आदरानं रांगेच्या शेवटी नेऊन उभं केलं.

पंचफुलाबाई मागच्या हिवाळ्यात गेल्या. पुसदला लेकीकडे गेल्या होत्या, तिथेच. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या निघायच्या दोन दिवस आधी, दुपारी, माझ्याच खोलीत.

मी जुनी चित्रणं चाळत होतो. अगदी सुरुवातीला, पोरी नुकत्या कॅमेरा धरायला शिकत असताना, त्यांनी फाट्यावरच्या हॉटेलचं काहीबाही चित्रण केलं होतं. त्यात बाकावर एक म्हातारा बसलेला दिसला. कोणीतरी सांगितलं, हे तर पंचफुलाबाईंचे मालक. ते त्याच वर्षी वारले होते, बाई केंद्रात यायच्या आधी. त्यांचा एकही फोटो घरात नव्हता, हे मला ठाऊक होतं. मी निरोप पाठवला.

त्या आल्या, स्टुलावर बसल्या. मी चित्र लावलं आणि म्हातारा दिसल्याबरोबर त्या म्हणाल्या, थांबव. उठून बाहेर गेल्या. मला वाटलं, दाखवायला नको होतं. बाहेर रांजणाचं पाणी वाजलं. त्या परत आल्या तेव्हा चेहरा धुतलेला होता आणि डोक्यावरून पदर घेतलेला होता. समोर अधिकारी असो की सरपंच, बाईंच्या डोक्यावर पदर मी कधी पाहिला नव्हता. स्टूल त्यांनी बाजूला सारलं आणि खाली जमिनीवर बसल्या. "आता लाव."

म्हाताऱ्यापुढे भज्यांची प्लेट होती. तो आजूबाजूला पाहून एकेक भजं तोंडात टाकत होता, मिरची चावत होता, बोटं चाटत होता.

"डाक्टरनं तेलकट बंद केलं व्हतं," पंचफुलाबाई म्हणाल्या. "मले सांगत, फाट्यावर पेपर वाचाले जातो."

मी संकोचलो. बंद करू का, असं विचारलं.

"नोको," त्या म्हणाल्या. "खाऊ दे त्याहिले."

प्लेट संपेपर्यंत त्या पाहत राहिल्या.